कॅराकलचे डोळे

संग्रहालयात तिला सगळे 'भिंग' म्हणायचे. तोंडावर भिंगताई, पाठीमागे नुसतं भिंग. पेंढा भरलेल्या एखाद्या प्राण्याच्या मिशीचा एक केस उलट बाजूला चिकटला असला, तर तो तिला दारातूनच दिसायचा, आणि दिसला की तिला गप्प राहवायचं नाही. शिपायाचं तुटलेलं बटण, तिकीटवाल्याच्या टेबलावरची चहाची गोल खूण, काही म्हणून सुटायचं नाही. "हिच्यासमोर शिंकायचीसुद्धा चोरी," असं तिकीटवाला म्हणायचा, पण ती जिन्यापलीकडे गेल्यावर.

घरात मात्र ती थोरली होती. तिची धाकटी बहीण त्याच दुरुस्तीच्या खोलीत पलीकडच्या टेबलावर बसायची, आणि दोघींचे वडील त्या खोलीचे मुख्य कारागीर. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. खिडकीजवळ उंच पाठीची एक लाकडी खुर्ची होती, ती त्यांची. त्या खुर्चीत बसून त्यांनी आयुष्यभर मेलेल्या जनावरांना पुन्हा उभं केलं होतं. थोरलीला ती खुर्ची हवी होती. पगार जेमतेम तेवढाच राहणार होता, पण पगाराचा प्रश्नच नव्हता. बाबांनी सगळ्यांसमोर 'ही' म्हणून आपल्याकडे बोट दाखवावं, एवढंच तिला हवं होतं, आणि ते बोट धाकटीकडे वळेल या भीतीने तिला अन्न गोड लागत नव्हतं.

या दुखण्याचं मूळ जुनं होतं. दोघी लहान असताना सुट्टीच्या दिवशी उस्ताद त्यांना कामावर घेऊन यायचे, कारण आई अंथरुणाला खिळलेली आणि घरी सांभाळायला दुसरं कोणी नाही. दुपारी ते एक खेळ खेळायचे. एखाद्या मांजरावर चादर टाकायची, फक्त शेपूट बाहेर ठेवायची, नाहीतर फक्त कान. ओळखा पाहू, कोण आहे? थोरली तेव्हापासून चुकत नव्हती. शेपूट आखूड, पायाच्या मधल्या सांध्यापाशीच संपलेली, टोकाकडे काळी कडी, म्हणजे रानमांजर. लांब आणि निमुळती शेपूट घरच्या मांजराची. कानामागे काळ्यावर पांढरा ठिपका असला, तर ठिपकेवालं बिबट मांजर. पोकळ ठिपके बिबट्याचे, भरीव ठिपके चित्त्याचे, शिवाय चित्त्याच्या डोळ्यापासून ओठापर्यंत काळी रेघ. ती धडाधडा सांगायची आणि उस्ताद म्हणायचे, "बरोबर."

मग धाकटीची पाळी. ती शेपटीकडे बघत बसायची, बोट तोंडात घालायची आणि म्हणायची, "हा रुसलाय." झालं! उस्ताद पोट धरून हसायचे, तिला उचलून मांडीवर घ्यायचे, चादर काढून त्या जनावराच्या तोंडाकडे बघायचे आणि म्हणायचे, "खरंच की गं, रुसलाय!" थोरली तिथेच उभी. नुसत्या 'बरोबर'वर कोणी मांडीवर घेत नाही, हे तिला त्या वयात कळलं आणि ते ती आजतागायत विसरली नव्हती.

पुढे दोघी तेच काम शिकल्या. थोरलीने एका बेकरीवाल्याशी लग्न केलं आणि दोन गल्ल्या सोडून राहायला गेली. धाकटीने लग्न केलं नाही, ती बाबांजवळ राहिली. म्हणजे कामावरही तीच आणि घरीही तीच. सकाळी दोघं बरोबर यायची, संध्याकाळी बरोबर जायची, वाटेत काय बोलायची देव जाणे. थोरली विचारायची, "काय हसत होतात?" धाकटी म्हणायची, "काही नाही गं, असंच." या 'असंच'ने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि धाकटीचा हात! तो खोटा म्हणायची सोय नव्हती. थोरलीने दुरुस्त केलेलं जनावर अचूक असायचं. धाकटीने दुरुस्त केलेल्या जनावराजवळून जाताना मात्र पाहुणे एक पाऊल मागे सरायचे. थोरलीने ते पाऊल अनेकदा पाहिलं होतं. तिच्याच नजरेतून ते कसं सुटणार?

त्या वर्षी संग्रहालयाने मांजरकुळाचं नवं दालन करायचं ठरवलं. वाघसिंहांपासून घरच्या मांजरापर्यंत जी काही जुनी जनावरं पडून होती, ती सगळी साफ करून, नवे डोळे, नवी नाकं लावून एका दालनात उभी करायची. उस्तादांची नजर एव्हाना अधू झाली होती. माणसांच्या आकृत्या दिसायच्या, चेहरे नाही. डॉक्टरांनी चष्म्याचा उपयोग नाही म्हणून सांगून टाकलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी ते निवृत्त होणार होते. संचालकबाईंनी खुर्चीचा निर्णय त्यांच्यावरच सोपवला होता. "उस्ताद, तुम्ही म्हणाल ती," एवढं बोलून त्या मोकळ्या झाल्या.

कामं वाटताना उस्तादांनी दालनाच्या मधोमध उभा राहायचा कॅराकल धाकटीला दिला. तांबूस, एकरंगी, कानांच्या टोकांना लांब काळे झुपके असलेलं ते देखणं रानटी मांजर हवेत झेप घेताना दाखवायचं होतं. आणि थोरलीला?

"मला घरचं मांजर?" तिने विचारलं.

"आणि रानमांजर," उस्ताद म्हणाले. "शेजारी शेजारी. लोकांना फरक कळला पाहिजे."

"दोन्ही मिळून गुडघ्याएवढी नाहीत, बाबा."

"अगं, वाघ काय, शेंबडं पोरही ओळखतं. ही दोन शेजारी ठेवली की भलेभले फसतात. हे काम नजरेचं आहे, म्हणून तुला दिलं."

यात कौतुक होतं. पण ज्याच्या कानात हेव्याचा बोळा आहे, त्याला कौतुकसुद्धा टोमण्यासारखं ऐकू येतं. तिला एवढंच ऐकू आलं की झेप धाकटीला आणि उंदीर पकडणारं आपल्याला. तिने ती दोन मांजरं मात्र अशी केली की बोट ठेवायला जागा नाही. रानमांजराचे लांब पाय, कानाच्या टोकावरचे चार-पाच काळे केस, पोटऱ्यांवरचे पुसट पट्टे, सगळं जिथल्या तिथे. उस्ताद आले, दोन्ही शेपट्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरोबर."

त्याच सुमारास तिने खोली आवरायला काढली. खुर्ची मिळायच्या आधीच ती मनाने तिच्यात जाऊन बसली होती, हे खरं. काचेचे डोळे ठेवायचं एक जुनं कपाट होतं, लहान लहान खणांचं. त्याची मांडणी उस्तादांनी आपल्या पद्धतीने केली होती, आणि ती पद्धत उस्तादांखेरीज कोणाला कळत नव्हती. थोरलीने सगळे खण उपसले, मापाप्रमाणे आणि जातीप्रमाणे नवे लावले आणि प्रत्येकावर ठळक अक्षरांत चिठ्ठी डकवली. आता कोणालाही सापडेल! ज्याला चिठ्ठी वाचता येत नाही असा एकच माणूस त्या खोलीत होता. तिच्या मनात ते येऊन गेलं. पण बाबा आता कुठे स्वतः डोळे काढायला येतात, असं म्हणून तिने विषय मिटवला.

मग तिची नणंद आजारी पडली आणि थोरली दोन दिवस तिकडे गेली. परत आली तेव्हा कॅराकलला डोळे बसले होते.

पहिल्यांदा तिला दिसल्या त्या पापण्या. खालची पापणी किंचित ताणलेली, वरची झेपेच्या जोराने मागे खेचलेली. मातीवर कातडं बसवताना एवढीशीही सुरकुती राहिली नव्हती. आपल्याला जन्मात असं जमणार नाही, हे तिला स्वच्छ कळलं, आणि स्वच्छ कळलं म्हणून जास्त झोंबलं. कुठेतरी खोट सापडावी म्हणून ती वाकली. वाकल्यावर तिला डोळ्यांतल्या बाहुल्या दिसल्या.

उभ्या होत्या! घरच्या मांजराच्या असतात तशा, उभ्या चिरेसारख्या.

तिने टेबलावरचा दिवा ओढून जवळ नेला. शंकाच नव्हती. वाघ, सिंह, बिबट्या यांच्या बाहुल्या गोल. घरचं मांजर आणि रानमांजर यांच्या उजेडात उभ्या होतात. कॅराकल मोठा नसला तरी त्याची बाहुली गोलच राहते, उजेडात बारीक होते पण गोल. चादरीखालून शेपट्या ओळखायच्या वयात त्यांना हे शिकवलेलं होतं. आणि इथे कॅराकलच्या तोंडावर रानमांजराचे डोळे!

थोरलीला आनंद झाला. लपवायचं कशाला, आनंदच झाला. इतक्या वर्षांत धाकटीची एक ठसठशीत चूक तिच्या हाती लागली होती. तिने मान वर केली तेव्हा धाकटी तिच्याकडेच पाहत होती. दोघींची नजर मिळाली. धाकटी काहीतरी बोलेलसं वाटलं, पण तिने मान खाली घातली आणि सिंहाची आयाळ विंचरू लागली. थोरलीनेही दिवा जागेवर ठेवला आणि तोंड मिटलं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. ही बाई तर डोळे उघडे ठेवून प्यायली.

बेकरीवाल्याला तिने त्या रात्री जेवताना सांगितलं. तो भाबडा. म्हणाला, "मग सांग ना तिला. दोन डोळे आणि मूठभर माती, एवढंच काम ना?"

"मी कशाला सांगू? उद्घाटनाआधी संचालकबाई पाहणीला येतील, तेव्हा दिसेलच सगळ्यांना."

"अगं, शेजारच्या भट्टीत पाव जळत असला तरी मी हाक मारतो."

"तुमचं पावाचं सोडा. तुम्हाला बहीण नाही."

त्याला बहीण होती. तिच्याच आजारपणासाठी जाऊन बायको नुकतीच परत आली होती. पण तो शहाणा होता, त्याने पुढचा घास घेतला.

पाहणीपर्यंतचे दिवस थोरलीने कसे काढले ते तिलाच ठाऊक. उस्ताद रोज दुपारी दालनात यायचे, चाचपडत कॅराकलजवळ जायचे आणि त्याच्या पापण्यांवरून हलकेच अंगठा फिरवायचे. एकदा, दोनदा. चेहऱ्यावर असं समाधान की जणू पोराला निजवतायत. ते पाहून थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा. माझ्या मांजरांवरून एकदा हात फिरवला आणि 'बरोबर' म्हणून मोकळे झाले. हिच्या कामावर रोजचा पहारा! फिरवा, ती मनात म्हणायची, फिरवा हात. घोडामैदान जवळ आहे. तिने आणखी एक केलं. दालनात दिवे लावायला आलेल्या वायरमनला सांगून एक दिवा नेमका कॅराकलच्या तोंडावर पाडून घेतला.

पाहणीला संचालकबाई एकट्याच आल्या. बरोबर उस्ताद, दोघी बहिणी आणि किल्ल्या घेऊन शिपाई. घरच्या मांजरापाशी आणि रानमांजरापाशी बाई थांबल्या, चिठ्ठी न वाचता ओळखायचा प्रयत्न केला, चुकल्या, आणि मनापासून हसल्या. "छान फसवलंत," त्या थोरलीला म्हणाल्या. एरवी हे वाक्य तिला महिनाभर पुरलं असतं. आज तिचं लक्ष पुढे होतं.

कॅराकलसमोर बाई एक पाऊल मागे सरल्या. तेच पाऊल! मग पुन्हा पुढे आल्या, मान तिरकी केली.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण याच्या नजरेत मला काहीतरी... वेगळं वाटतंय का?"

"वेगळं नाही बाई, चुकलंय," थोरली म्हणाली. तिने हे वाक्य इतक्या वेळा मनात घोळवलं होतं की ते तोंडातून घसरल्यासारखं बाहेर पडलं. "कॅराकलची बाहुली गोल असते. हे रानमांजराचे डोळे आहेत. आमच्याकडे नवशिकासुद्धा असली चूक करत नाही. आणि एवढं ज्याला दिसत नाही, त्याने हत्यार खाली ठेवावं."

हे बोलताना ती धाकटीकडे पाहत होती. धाकटीचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती थोरलीकडे बघत नव्हती. ती बाबांकडे बघत होती.

"मी बसवलेत," उस्ताद म्हणाले.

शिपायाने उगाच किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या.

"तू नणंदेकडे होतीस तेव्हा," उस्ताद सावकाश सांगू लागले. "हिला म्हटलं, एक शेवटचं करू दे मला. डोळे तिसऱ्या खणातून काढले. तिसऱ्या खणात या मापाचे गोल बाहुलीचेच असतात, माझ्या हाताला पाठ आहे ते." ते थांबले. आपले हात त्यांनी तोंडासमोर धरले. "निदान हातांना तरी दिसतं, असं वाटत होतं."

थोरलीला तिसरा खण आठवला. त्यावरची स्वतःच्या अक्षरातली चिठ्ठी आठवली. बोलायची वेळ हीच होती.

"खण बदललेत, बाबा," धाकटी म्हणाली. "तुम्हाला सांगायला मी विसरले. चूक माझी आहे."

आता यावर कोणीही खाली मान घातली असती. थोरलीने घातलीही. पण खाली घातलेल्या त्या मानेत काय चाललं होतं म्हणाल, तर हेवाच! हेसुद्धा हिलाच सुचलं. हेसुद्धा हिनेच पटकावलं.

बाईंनी सांभाळून घेतलं. उद्घाटनाला अजून अवकाश आहे, डोळे बदलता येतील, असं काहीबाही त्या बोलल्या. उस्तादांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"तुम्ही खुर्चीचं विचारलं होतंत ना? थोरलीला द्या. माया आंधळी असते, आणि या कामात एका तरी माणसाला माया आड येता कामा नये. हिच्या नजरेतून काही सुटत नाही. कोणाची भीडभाड नाही हिला." मग त्यांनी तिच्या आवाजाच्या दिशेने बोट दाखवलं. "ही."

इतकी वर्षं ती या बोटाची वाट पाहत होती.

बाई उस्तादांना चहाला आपल्या खोलीत घेऊन गेल्या. दोघी बहिणी दुरुस्तीच्या खोलीत परतल्या. धाकटीने बाबांची काठी कोपऱ्यातून आणली, टोपी झटकली. थोरलीला राहवेना.

"तुला माहीत होतं, चुकीचे डोळे आहेत ते?"

"दुसऱ्या दिवशी कळलं. पण ते रोज येऊन हात लावून बघायचे. मी डोळे बदलले असते तर माती ओली लागली असती, आणि त्यांना कळलं असतं. म्हटलं, निवृत्त होऊ देत, मग गुपचूप बदलू." धाकटी टोपीची कड नीट करत राहिली. "तुलाही माहीत होतं. तू दिवा जवळ नेलास तेव्हाच तुला दिसलं."

थोरली टेबलावरचा दिवा सरळ करू लागली.

"मला वाटलं, तूही त्यांच्यासाठीच गप्प आहेस. त्या पापण्या बाबांच्या आहेत हे कोणीही ओळखेल गं. माझ्या हाताला कुठे येतंय तसं?"

भिंग म्हणत होते तिला. केसाएवढी खोट दारातून दिसायची जिला, ती ज्या हाताखाली काम शिकली तो हात तिने ओळखला नव्हता. टेबल धाकटीचं म्हणून काम धाकटीचं, यापलीकडे तिने पाहिलंच नव्हतं.

एवढ्यात उस्ताद शिपायाचा खांदा धरून आत आले. खुर्चीच्या पाठीवरून त्यांनी एकदा हात फिरवला आणि बाजूला झाले.

"कधी दिसलं गं तुला?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. कारागिराने कारागिराला विचारावं तसं विचारलं.

धाकटी काठी हातात धरून उभी होती. एका शब्दात ती सगळं सांगू शकली असती.

"आत्ताच, बाबा," थोरली म्हणाली. "तिथे, दिव्याखाली."

"वा! एका नजरेत." ते खूश झाले. धाकटीने काठी त्यांच्या हातात दिली.

"चला, मी सोडते तुम्हाला घरी," थोरली पटकन पुढे झाली. त्यांनी तिचा हात चाचपला, थोपटला आणि सोडून दिला.

"नको. तू बस आता. ते डोळे आजच काढून टाक, मला ते राहायला नकोत." मग त्यांनी दुसऱ्या बाजूला हात पुढे केला, आणि धाकटीने तो धरला.

दोघांची पावलं जिन्यावरून उतरत गेली. ती काही बोलतायत का, हे थोरली शेवटच्या पायरीपर्यंत कान देऊन ऐकत होती. मग तिने शिपायाकडून कॅराकल खोलीत आणवला, टेबलावर ठेवला आणि बाबांच्या खुर्चीत बसली. ओल्या फडक्याने पापण्या मऊ केल्या, पातळ सुरीने डावी पापणी उचलली आणि काचेचा डोळा अलगद बाहेर काढला. खाली मातीत, खोबणीच्या कडेला, अंगठ्याचा ठसा उमटलेला होता. रेघ न् रेघ दिसत होती. तो पुसल्याशिवाय नवा डोळा बसणार नव्हता.